चूक ताजी असताना वही पाहता येते : वननोट क्लास नोटबुकचा वर्गातला अनुभव

नववीच्या दोन तुकड्यांच्या विज्ञानाच्या वह्या तपासायला आल्या की शिक्षक-खोलीतल्या माझ्या टेबलावर चार गठ्ठे लागतात, आणि ते तपासून मुलांच्या हातात परत जाईपर्यंत आठवडा, कधी पंधरवडाही उलटतो. अंतर्गोल आरशाच्या आकृतीत एखाद्याने मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण परावर्तनानंतर नाभीतून नेण्याऐवजी वक्रता केंद्रातून नेलेला असतो. मी त्यावर तांबड्या शाईने फुली मारते, शेजारी बरोबर आकृती काढून देते, आणि तो मुलगा ती पाहतो तेव्हा वर्गात ध्वनीचा धडा सुरू झालेला असतो. ती चूक करताना त्याच्या मनात काय होते, हे तोवर त्यालाही आठवत नाही. वही तपासण्याच्या कामातला हा उशीर मला पुष्कळ वर्षे खटकत आला आहे, आणि डिजिटल वहीकडे मी वळले ते केवळ या एका कारणासाठी. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या वननोट क्लास नोटबुकविषयी गेल्या दोन शैक्षणिक वर्षांत माझे जे मत बनले, ते मी याच कसोटीवर लिहीत आहे : मुलाची चूक ताजी असताना ती शिक्षकाला दिसते का, आणि दिसल्यावर त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचता येते का?

परळ-लालबाग भागातल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि गरजेप्रमाणे भूगोलाचे तासही घेते. शिवडी, काळाचौकी, नायगाव या भागांतून आमची मुले येतात. घरी स्वतंत्र संगणक असलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बहुतेकांच्या घरी एक स्मार्टफोन असतो आणि तो वडील किंवा आई कामावरून परतल्यावर, म्हणजे रात्री आठनंतर मुलांच्या हाती येतो. शाळेच्या संगणक कक्षात अठरा चालू यंत्रे आहेत आणि एका यंत्रावर दोन किंवा तीन मुले बसतात. हा तपशील सुरुवातीलाच सांगते, कारण डिजिटल वहीचे जे परिचय वाचायला मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत प्रत्येक मुलासमोर स्वतःचा टॅब आणि हातात पेन असते. आमच्याकडे तसे काही नाही, आणि मुंबईतल्या बहुसंख्य मराठी शाळांतही नाही.

वननोट हे नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे. त्यावर शिक्षकांसाठी वर्गाची वही तयार करण्याची सोय २०१४ मध्ये आली. पात्र शिक्षणसंस्थांना ऑफिस ३६५ चा ए१ हा परवाना विनामूल्य मिळतो आणि त्यात ही सोय समाविष्ट आहे. मात्र त्यासाठी शाळेने आपण शाळा असल्याची पडताळणी करून घ्यावी लागते आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे शाळेचे खाते उघडावे लागते. हे काम एका दुपारीत होईल, अशी मुख्याध्यापकांची समजूत करून देऊ नये. आमच्या संगणक शिक्षकांना खाती तयार करणे, परवलीचे शब्द वाटणे आणि ते विसरलेल्या मुलांना पुन्हा देणे यात जवळपास पहिला महिना घालवावा लागला.

वहीची रचना मात्र कोणाही शिक्षकाला पाच मिनिटांत कळावी इतकी सरळ आहे, आणि माझ्या मते हीच तिची सर्वांत मोठी गुणवत्ता आहे. एका वर्गाची एकच वही असते आणि तिचे तीन भाग पडतात. कंटेंट लायब्ररी हा आपला फळा : शिक्षक लिहितात, विद्यार्थी वाचतात आणि हवे ते उतरवून घेतात, पण त्यात फेरफार करू शकत नाहीत. कोलॅबोरेशन स्पेस हा सामायिक कागद, ज्यावर सर्वांना लिहिता येते. तिसरा भाग प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीचा. ती वही तो विद्यार्थी आणि शिक्षक एवढ्यांनाच दिसते, शेजारच्या बाकावरच्या मुलाला दिसत नाही. याखेरीज केवळ शिक्षकांना दिसणारा एक विभाग जोडता येतो, ज्यात मी पुढच्या आठवड्याची पाने तयार करून ठेवते आणि वेळ आली की लायब्ररीत हलवते.

आजवर मराठी शाळांत तंत्रज्ञान आले ते बहुधा एकाच दिशेने वाहणारे. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, त्यांत अभ्यासक्रम भरलेला होता. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचे व्हिडिओ उघडतात. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या, पण दोन्हींत मूल पाहणारे आणि वाचणारे आहे. त्याने काय समजून घेतले, ते उलट वाटेने शिक्षकापर्यंत येत नाही. डिजिटल वहीत ती उलटी वाट आहे. म्हणूनच क्लास नोटबुकला निव्वळ नोट्स वाटण्याचे साधन म्हणून वापरणाऱ्या शाळांनी ते वापरले काय आणि व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ टाकली काय, फारसा फरक पडणार नाही.

आता ज्या सोयीसाठी मी हे साधन स्वीकारले, तिच्याकडे वळते. शिक्षकाने एक पान तयार करून 'डिस्ट्रिब्यूट पेज' म्हटले की त्या पानाची एकेक प्रत प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत जाऊन बसते. 'रिव्ह्यू स्टुडंट वर्क' उघडले की विद्यार्थ्यांची नावे एका रकान्यात येतात आणि एकेका नावावर टिचकी मारत त्या-त्या मुलाचे तेच पान पाहता येते. चाळीस वह्या उघडाव्या लागत नाहीत, की त्यांत नेमके पान शोधावे लागत नाही. 'प्रकाशाचे परावर्तन' या धड्यासाठी मी अंतर्गोल आरसा, मुख्य अक्ष, ध्रुव, नाभी आणि वक्रता केंद्र एवढेच काढलेले चित्र पानाच्या पार्श्वभूमीवर बसवले, म्हणजे मुलांचा माउस लागून ते सरकणार नाही, आणि खाली तीन प्रश्न दिले : वस्तू वक्रता केंद्राच्या पलीकडे असताना, वक्रता केंद्रावर असताना आणि नाभी व वक्रता केंद्र यांच्या मध्ये असताना प्रतिमा कोठे मिळेल, ते किरण काढून दाखवा.

संगणक कक्षात त्या दिवशी घडलेली गोष्ट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी शिक्षकाच्या यंत्रावर बसून एकेक नाव उघडत होते. एका मुलीच्या पानावर पहिला किरण वस्तूच्या टोकापासून निघाला, अक्षाला समांतर आरशापर्यंत गेला, आणि तेथे थांबला. एक रेघ उमटली, पुसली गेली. पुन्हा उमटली, या वेळी वक्रता केंद्राकडे झुकलेली. पुन्हा पुसली गेली. वहीच्या कागदावर मला यातले काहीच दिसले नसते. तेथे मला केवळ शेवटची रेघ दिसली असती, आणि ती चुकीची असती तर या मुलीला धडा कळला नाही, असे मी ठरवून मोकळी झाले असते. प्रत्यक्षात तिला धडा अर्धा कळला होता. परावर्तित किरण एका ठराविक बिंदूतून जातो एवढे ठाऊक होते, दोन बिंदूंपैकी कोणता, एवढाच तिचा घोळ होता. मी उठून तिच्याकडे गेले नाही. तिच्या पानावर, आरशाच्या शेजारी मी एकच वाक्य टाइप केले : "वक्रता केंद्रातून निघालेला किरण आरशावर कसा आपटतो आणि कोठे परत जातो, ते आधी काढून पाहा." काही क्षण तिच्या पानावर काहीच हालचाल दिसली नाही. मग तिने वक्रता केंद्रातून जाणारा किरण काढला, तो आल्या वाटेने परत नेला आणि समांतर किरण आपणहून नाभीतून नेला. तास संपल्यावर ती म्हणाली, "बाई, तुम्ही समोर बसून माझी वही कशी वाचलीत?"

हा प्रसंग मी विस्ताराने सांगितला, कारण डिजिटल वहीचे मोल नेमके येथे आहे. पण त्याची एक अटही आहे, आणि ती अनेक जण विसरतात : सारे जण एकाच वेळी जोडलेले असतील आणि शिक्षक त्या वेळी वह्या पाहत असतील, तरच हे घडते. मुलाने रात्री घरी लिहिले आणि मी दुसऱ्या दिवशी वाचले, तर गठ्ठ्यांच्या तुलनेत फायदा होतो, पण वेगळ्या जातीचा होतो. शिवाय एका यंत्रावर तीन मुले असली की तिघांपैकी एकाचीच वही उघडलेली असते. म्हणून मी अशा तासांना निम्मा वर्ग संगणक कक्षात आणि निम्मा प्रयोगशाळेत सहकारी शिक्षिकेसोबत अशी विभागणी करून घेते. वेळापत्रकात एवढी लवचीकता नसेल, तर शाळेने आधी ती निर्माण करावी आणि मग वहीचा विचार करावा.

शेऱ्यांच्या बाबतीत या वहीने माझी एक सवय पूर्णपणे बदलली. पानावर ध्वनिमुद्रण जोडता येते, हे मला पहिल्या सहामाहीत ठाऊकच नव्हते. आता दीर्घोत्तरांवर मी टाइप करीत बसत नाही. चाळीस-पन्नास सेकंद बोलते आणि ते त्या उत्तराच्या शेजारी ठेवते. तांबड्या शाईतला 'अपूर्ण' हा शेरा आणि "तुझे पहिले कारण अगदी नेमके आहे, दुसऱ्यात तू परिणाम सांगितलास, कारण नाही सांगितलेस, ते पुन्हा एकदा वाच" असे ऐकू आलेले बोलणे यांत मुलांच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे त्यांच्या दुसऱ्या प्रयत्नांतून मला समजले. काही घरांत हा आवाज आईनेही ऐकला आणि पालकसभेत त्याविषयी विचारले. वाचताना अडखळणाऱ्या एका मुलासाठी इमर्सिव्ह रीडरचाही उपयोग झाला. त्यात अक्षरे मोठी करता येतात, ओळींमधले अंतर वाढवता येते आणि एका वेळी एकच ओळ उजळ ठेवता येते. एरवी तो मोठा परिच्छेद पाहूनच वही मिटत असे.

प्रत्येकाच्या खासगी वहीत मी 'माझे प्रश्न' नावाचा एक विभाग केला आहे. वर्गात हात वर न करणारी मुले तेथे लिहितात. पुनरुत्पादनाच्या धड्याच्या वेळी त्या विभागात आलेले प्रश्न मला फळ्यासमोर उभे राहून कधीही ऐकायला मिळाले नसते.

सहकार्याच्या, म्हणजे मुलांनी एकत्र काम करण्याच्या भागाविषयी मात्र मला थोडे सावधपणे लिहावे लागेल. नववीच्या भूगोलात वृष्टीचा अभ्यास आहे, आणि मुंबईत जुलै महिन्यात वृष्टी शिकवायची तर पुस्तकाबाहेर पडण्यासारखी दुसरी चांगली वेळ नाही. मुलांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवून आणि तळाची खोलगट जागा खडे व पाणी घालून शून्याच्या रेषेपर्यंत भरून पर्जन्यमापक तयार केले. हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेते, म्हणून आम्हीही तीच वेळ ठरवली. ज्यांच्या घरी गच्ची किंवा मोकळी जागा होती, अशा सोळा मुलांनी बाटल्या मांडल्या. नोंदींसाठी मी कोलॅबोरेशन स्पेसमध्ये एक मोठा तक्ता तयार केला आणि सर्वांना त्यात भरायला सांगितले.

ही माझी चूक होती. मोबाइलच्या लहान पडद्यावर सोळा ओळींचा तक्ता पुढे-मागे सरकवताना मुले दुसऱ्याच्या ओळीत आपला आकडा भरू लागली; एकाने रिकामी वाटलेली ओळ काढून टाकली आणि तिच्यासोबत दोन दिवसांच्या नोंदी गेल्या. पानाच्या जुन्या आवृत्त्या वही सांभाळून ठेवते, त्यामुळे आकडे परत मिळाले, आणि परिच्छेदाशेजारी लिहिणाऱ्याची आद्याक्षरे दिसत असल्याने कोणाकडून काय झाले हेही शोधता आले. परंतु आपली नोंद पुसली गेली म्हणून दोन मुले रुसून बसली होती, आणि त्यांची समजूत काढणे आकडे परत आणण्यापेक्षा अवघड गेले. सामायिक पान म्हणजे सर्वांसाठी एकच पान, असे मी धरून चालले होते. दुसऱ्या आठवड्यात मी चार-चार मुलांचे गट केले, प्रत्येक गटाला स्वतंत्र विभाग दिला, आणि प्रत्येक मुलाने आपली नोंद आपल्या पानावर करावी, गटप्रमुखाने त्या नोंदी गटाच्या पानावर आणाव्यात, अशी शिस्त लावली. ठरावीक गटालाच दिसेल आणि बदलता येईल असा विभाग करण्याची सोय या वहीत आहे. ती पहिल्या दिवसापासून वापरावी, असे मी कोणत्याही नव्या शिक्षकाला आग्रहाने सांगेन.

गट लहान झाल्यावर मुलांचे बोलणे आपोआप आकड्यांवर आले. शिवडीच्या एका बाटलीत त्याच सकाळी नायगावपेक्षा बराच कमी पाऊस आढळला, तेव्हा त्या गटाने आधी एकमेकांच्या मोजमापावर शंका घेतली, बाटल्यांची छायाचित्रे पानावर लावली, एकाची बाटली छपराच्या पागोळीखाली आल्याचे शोधून काढले, आणि तरीही फरक उरतोच हे पाहून पावसाचे स्थानिक वितरण वेगवेगळे असू शकते का, असा प्रश्न स्वतःहून लिहिला. त्यावर मी त्यांच्या पानाखाली २६ जुलै २००५ च्या नोंदी ठेवल्या : त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरातल्या या दोन आकड्यांखाली मुलांनी पुढच्या तीन दिवसांत जे लिहिले, त्यात तर्क होते, एकमेकांचे खंडन होते, घरच्या मोठ्या माणसांनी सांगितलेल्या त्या दिवसाच्या आठवणी होत्या, आणि एका मुलाने आपल्या आजोबांचा आवाज मुद्रित करून तेथे जोडला होता. कागदी वहीत हा प्रकल्प झाला असता, पण सोळा वेगळ्या वह्यांत झाला असता, आणि शिवडीच्या मुलाला नायगावचा आकडा दिसला नसता.

मर्यादा सांगताना मी वहीच्या रचनेतल्या गोष्टी आणि आमच्या परिस्थितीतल्या गोष्टी वेगळ्या ठेवते. रचनेतली पहिली गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या वहीत पूर्ण अधिकार असतात, त्यामुळे शिक्षकाने टाइप केलेला शेराही तो पुसू शकतो. यात गैर आहे असे मी म्हणणार नाही, वही त्याचीच आहे. पण गुणांची नोंद तेथे ठेवण्याची चूक करू नये. दुसरी गोष्ट, वाटलेले पान ही प्रत असते. मूळ पानात चूक सापडली आणि आपण ती दुरुस्त केली, तरी चाळीस वह्यांतल्या प्रती तशाच राहतात. म्हणून वाटण्यापूर्वी पान एखाद्या सहकाऱ्याकडून वाचून घ्यावे. तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. वननोटचे पान उजवीकडे आणि खाली हवे तेवढे पसरते. संगणकावर ही मोकळीक छान असते, पण फोनवर उघडणाऱ्या मुलाला उजवीकडे लिहिलेला प्रश्न दिसतच नाही. आमच्या मुलांसाठी मी आता सारे एका अरुंद उभ्या पट्टीत लिहिते, तक्ते तीन रकान्यांपेक्षा रुंद करीत नाही, आणि पान वाटण्याआधी स्वतःच्या फोनवर उघडून पाहते. जोडणी नसताना दोघांनी एकाच ठिकाणी बदल केले, तर वही दोन्ही रूपे जपून ठेवते आणि कोणते ठेवायचे हे माणसाने ठरवायचे असते, हेही मुलांना आधीच शिकवून ठेवलेले बरे.

मराठीत लिहिण्याचा प्रश्न वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही. विंडोजवर मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे आणि मुले तो दोन-तीन तासांत शिकली. फोनवर तर पुष्कळशी मुले बोलून टाइप करतात. पण बोलून लिहिलेल्या मराठीत विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ यंत्राच्या मर्जीवर असते, आणि 'आरसा अंतर्गोल' याचे काहीच्या बाही होऊन बसते. बोलून लिहिलेले उत्तर पुन्हा वाचून दुरुस्त केल्याशिवाय ते पूर्ण झाले असे मी धरत नाही. आकृत्यांसाठी मात्र माउस हे वाईट साधन आहे. पेशींची किंवा मानवी अवयवांची आकृती मुलांनी कागदावरच काढावी, तिचे छायाचित्र वहीत लावावे आणि नावे द्यावीत, हा मार्ग आम्हांला मानवला.

परिस्थितीतल्या अडचणींत पहिली जोडणीची. आमच्या शाळेला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची सेवा पावसाळ्यात वरचेवर खंडित होत असे आणि तक्रारीची दखल घ्यायला दोन-दोन दिवस लागत. त्या काळात मी तासाची दुसरी, कागदी योजना हाताशी ठेवूनच संगणक कक्षात जात असे. दुसरी अडचण जुन्या यंत्रांची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि 'वननोट फॉर विंडोज १०' ही वेगळी आवृत्तीही त्याच दिवशी थांबली. देणगीतून आलेले किंवा जुन्या बाजारातून घेतलेले संगणक वापरणाऱ्या शाळांनी आपल्या यंत्रांवर कोणती आवृत्ती आहे, हे आधी तपासावे. ज्यांना यंत्रे बदलणे शक्य नाही, त्यांनी ब्राउझरमधून वही उघडावी. वर्गाच्या कामासाठी तेवढे पुरते, मात्र तेथे सर्व सोयी मिळत नाहीत.

गूगल क्लासरूम वापरणाऱ्या शाळा मला विचारतात की बदलावे का. तेथेही प्रत्येक विद्यार्थ्यासाठी डॉक्सची वेगळी प्रत करता येते, आणि एकाच लेखावर अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याचा अनुभव डॉक्समध्ये अधिक सफाईदार आहे. निबंध, अहवाल, भाषेचे उपक्रम यांसाठी मी तेच सुचवीन. वर्षभराचे काम एका जागी, विभाग आणि पानांच्या ओळखीच्या रचनेत राहावे, आणि मजकूर, आकृती, आवाज, छायाचित्र एकाच पानावर यावे, असे हवे असेल तर क्लास नोटबुक सरस आहे. विज्ञानासाठी मला ते सरस वाटते.

कागदी वहीचे काय, हा प्रश्न पालकसभेत पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा अनेकांच्या मनात पाठ्यपुस्तकांतल्या कोऱ्या पानांचा अनुभव ताजा होता. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून राज्यात पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने देण्यात आली; मुले पुस्तके आणि वह्या दोन्ही आणत राहिली, आणि २०२५-२६ पासून ती योजना मागे घेण्यात आली. वही काढून टाकता येत नाही, हे त्यातून पुन्हा दिसले, आणि मी पालकांना तसे स्पष्ट सांगितले. दहावीची परीक्षा कागदावर, हाताने, ठरावीक वेळेत द्यायची आहे. आमची मुले पक्की वही कागदाचीच ठेवतात. डिजिटल वहीत कच्चे काम होते : खोडाखोड, अर्धवट उत्तरे, प्रयत्न, प्रश्न, गटातली चर्चा. पूर्वी जी कच्ची वही मी कधीच तपासत नव्हते, ती आता मी रोज पाहते, असे म्हटले तरी चालेल.

पालकांची संमती हा औपचारिक सोपस्कार समजू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीच्या बाबतीत पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. आम्ही मराठीत लिहिलेले संमतीपत्र घेतले, कोणती माहिती जाते आणि कोण पाहते हे त्यात साध्या शब्दांत सांगितले, आणि मुलांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे वहीत लावायची नाहीत, असा नियम केला. माझ्यासाठीही एक नियम करावा लागला. फोन रात्री आठनंतर हाती येणाऱ्या मुलांच्या नोंदी साडेदहापर्यंत येत राहतात आणि प्रत्येक नोंद शिक्षकाला बोलावते. मी रात्री नऊनंतर वही उघडत नाही, हे मुलांना आणि पालकांना सांगून ठेवले आहे. अपवाद फक्त परीक्षेच्या आधीच्या दोन दिवसांचा.

वर्षअखेरीचे एक काम मी पहिल्या वर्षी केले नव्हते आणि दुसऱ्या वर्षी आवर्जून केले. गूगलचे जॅमबोर्ड हे अनेक शाळांच्या वापरातले डिजिटल फळ्याचे साधन २०२४ च्या अखेरीस बंद झाले, आणि आपले काम वेळीच उतरवून ठेवावे, हे त्यातून मला कळले. वननोटच्या संगणकावरच्या आवृत्तीतून एखादा विभाग किंवा संपूर्ण वही पीडीएफ रूपात काढता येते. मार्चमध्ये दोन तासिका राखून मी प्रत्येक मुलाच्या विभागाची पीडीएफ काढली आणि ती त्याला दिली. शाळेचे खाते उद्या बंद झाले तरी ती त्याच्याकडे राहील. ध्वनिमुद्रणे पीडीएफमध्ये येत नाहीत, म्हणून ती वेगळी उतरवून घेतली. पावसाच्या प्रकल्पाची पाने मात्र आम्ही छापून घेतली आणि ती आता भूगोलाच्या कपाटात आहेत. यंदाच्या नववीने जुलैमध्ये बाटल्या मांडण्यापूर्वी ती काढून वाचली आणि पागोळीखालच्या बाटलीची चूक पुन्हा केली नाही.